मानेच्या मणक्यांची झीज : चित्र काय सांगते, काय सांगत नाही

मान आखडणे, खांद्यापासून हातापर्यंत कळ जाणे, बोटांना मुंग्या येणे या तक्रारी डोक्यावर ओझे वाहणाऱ्या मजुरापासून मेजावर वाकून काम करणाऱ्या लिपिकापर्यंत सर्वत्र आढळतात. क्ष-किरण चित्र काढले जाते आणि अहवालातील ‘मणक्यांची झीज’ हे शब्द वाचून कुटुंब हवालदिल होते. म्हणूनच या शब्दांचा नेमका अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

मानेत सात मणके असतात. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचिक चकती असते आणि मागील बाजूस दोन लहान सांधे असतात. वयोमानानुसार चकतीतील पाण्याचा अंश घटून तिची उंची कमी होते. परिणामी सांध्यांवरील भार वाढतो, त्यांतील कूर्चा झिजते आणि मणक्यांच्या कडांना हाडाचे कंगोरे फुटतात. पाचव्या ते सातव्या मणक्यांच्या दरम्यान हे बदल विशेष आढळतात.

चित्रणाच्या तीन पद्धती

क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांनी १८९५ साली लावला. समोरून व बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची रांग, त्यांमधील अंतर आणि कंगोरे दिसतात. तिरप्या चित्रात मज्जातंतू बाहेर पडण्याची छिद्रे पाहता येतात. सांध्यांच्या झिजेचे मोजमाप एकसारखे व्हावे यासाठी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली शून्य ते चार अशी श्रेणी मांडली. शून्य म्हणजे बदल नाही, चार म्हणजे तीव्र बदल. तथापि, चकती आणि मज्जारज्जू या चित्रात प्रत्यक्ष दिसत नाहीत.

सी.टी. स्कॅनमध्ये हाडांचे आडवे छेद स्पष्ट दिसतात. मात्र त्यात क्ष-किरणांची मात्रा साध्या चित्रापेक्षा अधिक असते. एम.आर.आय. तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने चकती, मज्जातंतू आणि मज्जारज्जूवरील दाब त्यात पाहता येतो. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास तसे आधी सांगणे आवश्यक असते.

चित्र आणि दुखणे

चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. जपानमध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ व्यक्तींच्या मानेची एम.आर.आय. तपासणी करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ८७.६ टक्के व्यक्तींमध्ये चकती फुगलेली आढळली. विशीतील बहुसंख्य तरुणही त्यात होते. केसांचे पिकणे हा जसा रोग नव्हे, तसेच वयपरत्वे दिसणारे हे बदलही आपोआप रोग ठरत नाहीत. याउलट, चित्रातील बदल किरकोळ असूनही रुग्णाला तीव्र वेदना होऊ शकतात. म्हणून हातांची ताकद, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रिया तपासून, त्या निष्कर्षांशी चित्र ताडून पाहिल्यावरच निदान करणे योग्य ठरते.

विलंब केव्हा नको?

साधी मानदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते व तिच्यासाठी तातडीने चित्रण करण्याची गरज नसते. परंतु सदऱ्याची बटणे लावणे जड जाणे, हातातील वस्तू गळून पडणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी, तसेच अपघातानंतर किंवा ताप, घटते वजन अथवा पूर्वीचा कर्करोग यांसोबत मान दुखत असल्यास, तेल चोळण्यात वा मान मोडून घेण्यात वेळ दवडणे धोक्याचे आहे. मज्जारज्जूला झालेली इजा नंतर पूर्णपणे भरून येईलच, याची खात्री नसते.

गावात सल्ला विचारला जातो तो बहुधा शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना. अहवालातील शब्दांनी घाबरलेल्याला धीर देणे आणि ज्याच्या हातापायांतील बळ कमी होत आहे त्याला त्वरित रुग्णालयात पाठविणे, ही दोन्ही कामे त्यांच्याकडून सहज होऊ शकतील.