दुरंगी पानं हाती आली तर



ब्रिजवरचे आमचे पहिले दोन कार्यक्रम झाल्यावर गटागटांतून एकच विचारणा येत राहिली. एकाच रंगाची सहा-सात पानं आली तर काय बोलायचं ते कळतं, पण दोन रंगांची पाच-पाच आली की गाडी अडते. कुठला रंग आधी बोलायचा? आणि हुकूम ठरल्यावर दुसऱ्या रंगाचं करायचं काय? आज तेवढंच घेऊया. जवळ पत्त्यांचा जोड असेल तर काढून ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याआधी एक बाहेरची गोष्ट, कारण तीही विचारली गेली. आमच्या गटात बचतीची बैठक झाली की तासभर पत्ते होतात. सुरुवातीला गावात कुजबूज झाली, की बायका गटाच्या पैशावर जुगार खेळतात. एका वैनींच्या सासूबाईंनी तर त्यांचं बैठकीला येणंच बंद केलं होतं. चूक थोडी आमचीही होती. पैशाची पेटी उघडीच बाजूला असायची आणि तिथंच आम्ही पानं पिसायचो. बघणाऱ्याला काय वाटणार? आता हिशोब लिहून, पेटीला कुलूप लावून ती आत गेल्याशिवाय जोड बाहेर येत नाही, आणि चार आण्याचंही काही लावायचं नाही असा ठराव वहीत आहे. त्या सासूबाईंना एकदा बोलावून शेजारी बसवलं. आता त्या स्वतः मेंढीकोट खेळतात आणि भिडू चुकला की रागावतात. कायद्याचं म्हणाल तर 1968 साली सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, आणि तो देताना दाखला ब्रिजचाच घेतला: पानं वाटताना नशिबाचा जो भाग ब्रिजमध्ये असतो, तसाच रमीत. पैसे लावले की मात्र गोष्ट वेगळी होते, म्हणून ते नकोच. 2018 च्या जकार्तातल्या आशियाई स्पर्धांत ब्रिज पहिल्यांदाच घेतला गेला. पुरुषांच्या जोडीत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. मिश्र संघाला कांस्य मिळालं, त्या संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. वयाचं कारण सांगणाऱ्यांना हे ऐकवा.

आता खेळाकडं. आपल्याकडं तीनशे चार ज्या खेळतात त्यांना बोली नवीन नाही. बत्तीस पानं, गुलामाला 30, नव्वीला 20, एक्क्याला 11, आणि सगळ्यांची बेरीज 304. तिथं आपण नुसता आकडा बोलतो आणि हुकूम झाकून ठेवतो. ब्रिजमध्ये आकडा आणि रंग दोन्ही मोठ्यानं बोलायचे असतात, आणि समोरच्या भिडूला आपल्या हातातलं जे काही सांगायचं ते या बोलीतूनच सांगायचं. खुणा नाहीत, खाकरणं नाही, पायाला पाय लावणं नाही. (हे कुणासाठी ते आमच्या गटात सगळ्यांना माहीत आहे.)

उजळणी एवढीच. बावन्न पानं, प्रत्येकीला तेरा. एक्क्याचे 4 गुण, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1, म्हणजे सगळ्या जोडात 40 गुण. ‘एक इस्पिक’ म्हणजे सहा आणि एक, सात हात करीन आणि हुकूम इस्पिक. ‘चार इस्पिक’ म्हणजे दहा हात. बदाम किंवा इस्पिकात चारची बोली पुरी केली की गुणांचं मोठं बक्षीस असतं, त्याला गेम म्हणतात. रंगांची चढण अशी: किलवर सगळ्यांत खाली, मग चौकट, मग बदाम, आणि इस्पिक सगळ्यांच्या वर. ही चढण पाठ करा, आजचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

समजा पाच इस्पिक आणि पाच बदाम आले. आमच्यातल्या बऱ्याचजणी ज्या रंगात चित्रं जास्त तो आधी बोलायच्या. दिसायला बरोबर वाटतं, पण अडचण दुसऱ्या बोलीला येते. तुम्ही ‘एक बदाम’ म्हणालात, भिडू ‘दोन किलवर’ म्हणाली, मग तुम्ही ‘दोन इस्पिक’ म्हणालात. आता भिडूला बदामच बरा वाटत असेल तर तिला ‘तीन बदाम’ म्हणावं लागतं, कारण दोन बदाम हे दोन इस्पिकच्या खाली राहिले. नुसतं ‘मला पहिला रंग पसंत’ एवढं सांगायला नऊ हातांची बोली झाली. तेच तुम्ही ‘एक इस्पिक’ आणि मग ‘दोन बदाम’ म्हणाला असता तर बदाम आवडणारी भिडू तिथंच पास म्हणाली असती आणि इस्पिक आवडणारी ‘दोन इस्पिक’ म्हणून थांबली असती. दोन्ही वाटा आठ हातांत. म्हणून पाच-पाच असतील तर चढणीत वरचा रंग आधी, चित्रं कुठंही असोत.

रंग सारखे नसतील तर लांब रंग आधी. सहा किलवर आणि पाच इस्पिक असतील तर ‘एक किलवर’च. पाच-चार असतील तर पाचाचा आधी. खालचा रंग आधी आणि वरचा नंतर मोठ्या बोलीत, असं बोललं की जाणती भिडू समजते, हिचा पहिला रंग लांब आहे आणि पानंही जोरदार आहेत. जोर नसताना तसं बोलू नका.

बोली सुरू करण्याइतकी पानं आहेत का, हे पाहायला साधारण 12-13 गुण लागतात असं आम्ही मागं सांगितलं होतं. दुरंगी पानांना त्यात सूट आहे. आपले गुण मोजायचे, त्यात दोन लांब रंगांची पानं मिळवायची, बेरीज 20 किंवा वर गेली की बोला. दहाच गुण असले तरी पाच-पाच पानांनी वीस होतात. मात्र ते गुण लांब रंगांत हवेत. दोनच पानांच्या रंगातले राणी-गुलाम मोजायला बरे, कामाला नाहीत.

आता आमचाच एक डाव सांगतो. यात आम्ही हरलो होतो.

गेल्या आषाढातली गोष्ट. भाताची लावण उरकली होती आणि पावसानं तीन दिवस कुणाला शेतात जाऊ दिलं नव्हतं. आमच्याकडं पानं आली ती अशी. इस्पिकची एक्का, राजा, नव्वी, छक्की, चौकी. बदामची एक्का, राजा, सत्ती, पंजी, तिरी. चौकटची अठ्ठी आणि दुरी. किलवरची एकटी चौकी. गुण 14, दोन रंगांची पानं 10, बेरीज 24. आम्ही ‘एक इस्पिक’ बोललो.

भिडू होत्या आमच्या गटातल्या सगळ्यांत वडील काकी. ब्रिज गावात आला तो त्यांच्या थोरल्या भावामुळं, ते नोकरीला मुंबईत होते आणि तिथंच शिकले. काकींकडं इस्पिकची राणी, अठ्ठी, पंजी. बदामची छक्की आणि दुरी. चौकटची एक्का, नव्वी, सत्ती, चौकी. किलवरची नव्वी, अठ्ठी, छक्की, तिरी. गुण किती? सहा. त्या ‘दोन इस्पिक’ म्हणाल्या, म्हणजे तुझा रंग चालेल, पण पानं बेताची आहेत.

आम्ही ‘तीन बदाम’ म्हणालो. हुकूम तर ठरलाच आहे, मग ही बोली कशाला? दुसरा रंग भिडूला कळावा म्हणून. काकींनी पानांकडं एकदा बघितलं आणि ‘चार इस्पिक’ म्हणाल्या. दोघींचे मिळून वीसच गुण, जोडाचे निम्मे, आणि दहा हातांची बोली! समोरच्या दोघी हसल्या. काकींचा हिशोब वेगळा होता. बदामची दोनच पानं, म्हणजे तिसरा बदाम आला की हुकूम मारता येणार. हुकमाची राणी जवळ, चौकटचा एक्का जवळ. सहाच गुण, पण एकही वाया जाणारा नाही.

डावीकडच्या बाईंनी चौकटचा राजा उतारीला टाकला. काकींची पानं डमी म्हणून खाली पसरली, एक्क्यानं तो हात घेतला. आणि मग आम्ही मेंढीकोटाची सवय काढली. आधी समोरच्यांचे हुकूम संपवायचे. राणी, एक्का, राजा, तीन हात हुकमाचे काढले. दोघींचेही हुकूम संपले, पण काकींचेही संपले. मग बदामचा एक्का आणि राजा. तिसरा बदाम टाकला तर तो गेला, चौथाही गेला, कारण डावीकडच्या बाईंकडं चार बदाम होते. पाचवा तेवढा आमचा झाला. बदामचे दोन, चौकटचा एक, किलवरचा एक असे चार हात गेले, आमचे नऊ झाले. एका हातानं बोली बुडाली.

“आगं, माझे हुकूम कशापायी वडून काढलास?” काकी म्हणाल्या. “मी चार म्हटलं ते त्याच्याच जिवावर.”

तेच खरं होतं. आपल्या हातात हुकूम पाच, ते आज ना उद्या हात करणारच. डमीतले तीन हुकूम मात्र आपल्याबरोबर पडले तर वेगळा हात करत नाहीत. कमी हुकूम ज्या बाजूला आहेत तिकडून मारलेला प्रत्येक हुकूम हा वरकड हात. शिवाय मारता मारता आपला दुसरा रंग मोकळा होतो. समोरच्या दोघींकडं मिळून सहा बदाम. ते तीन-तीन असतील तर आमच्या पद्धतीनंही डाव झाला असता, पण सहा पानं तीन-तीन पडतात ती शंभरात साधारण 36 वेळा. चार-दोन पडतात 48 वेळा. आम्ही कमी वेळा घडणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवला होता.

पानं तशीच मांडून काकींनी खेळून दाखवलं. चौकटचा एक्का. लगेच बदामचा एक्का, राजा. तिसरा बदाम टाकला आणि डमीतून हुकूम मारला तो थेट राणीचा. एवढं मोठं पान का? उजवीकडच्या बाईंकडं दोनच बदाम होते, म्हणजे आता त्यांनाही हुकूम मारता येणार. अठ्ठी मारली असती तर त्यांनी वरची दश्शी टाकून हात नेला असता. राणीच्या वर फक्त एक्का आणि राजा, ते दोन्ही आमच्याकडं. मग डमीतली हुकमाची पंजी एक्क्यानं घेऊन हाताशी आलो. चौथा बदाम, त्यावर डमीतून अठ्ठी. उजवीकडच्या बाईंनी दश्शीनं तो हात नेला, नेऊ द्या. डावीकडच्या बाईंचा शेवटचा बदाम त्याच हातात पडला आणि आमची पाचवी बदाम मोकळी झाली. पुढं त्यांनी चौकटचा एक आणि किलवरचा एक असे दोन हात घेतले, बाकीचे सगळे आमचे. हुकमाच्या राजाखाली त्यांचे उरलेले दोन्ही हुकूम, गुलाम आणि सत्ती, एकदम आले. मोजा: हातातले पाच हुकूम, डमीतली राणी, तीन बदाम, चौकटचा एक्का. दहा.

एखाद्या बाईकडं एकच बदाम असता तर आमचा बदामचा राजाच मारला गेला असता. तो धोका यात आहेच, पण तशी वाटणी क्वचित येते.

हेच समोरच्या बाजूनं बघा. त्या दोघींनी दोन रंग बोलून एकाला हुकूम केलं आणि दुसऱ्या रंगात डमी तोकडी असणार असा संशय आला, तर पहिली उतारी हुकमाचीच करा. त्या डावात डावीकडच्या बाईंनी चौकटीऐवजी हुकूम टाकला असता तर काकींचा एक हुकूम तिथंच गेला असता, आणि दोनदा मारणं जमलं नसतं. आमच्याकडं अजून हुकमाची उतारी म्हणजे घाबरटपणा असं समजतात. तो समज सोडलेला बरा.

आणि दुरंगी पानांची एक वाईट बाजू. भिडूकडं नेमके तुमचे दोन रंग तोकडे आणि दुसरे दोन लांब, असं कळलं की लवकर थांबा. तुम्ही आपले रंग बोलत राहता, ती आपले बोलत राहते, आणि बोली चढत जाते. दोघींचं पटत नसेल तर दोनच्या घरात पास म्हणणं स्वस्त पडतं.

सरावाला वरची दोघींची सव्वीस पानं मांडा. डावीकडं द्या: इस्पिकचा गुलाम, तिरी, बदामची राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, चौकटचा राजा, राणी, गुलाम, पंजी, किलवरचा राजा, सत्ती, पंजी. उरलेली तेरा उजवीकडं. चौघी बसा आणि एकदा चौकटच्या राजानं, एकदा इस्पिकच्या तिरीनं उतारी करून बघा. जोडातलं एखादं पान हरवलं असेल तर जोकरावर पेनानं लिहून घ्या, आमच्याकडं चौकटची नव्वी गेली दोन वर्षं तशीच आहे.