सैल त्वचा आणि प्रकाशाचे उपचार

चाळिशी उलटली की गालफडे, हनुवटीखालचा भाग व मान येथील त्वचा हळूहळू सैल पडू लागते. हा निसर्गक्रमच होय. त्वचेला ताठ राखणारे कोलॅजेन व इलॅस्टिन हे तंतू वयाबरोबर झिजतात आणि ऊन ती झीज वाढविते. न्यूझीलंडची हवा गार, म्हणून येथील ऊन सौम्य भासते. परंतु उन्हाळ्यात येथील अतिनील किरण उत्तर गोलार्धातील तशाच अक्षांशांवरील प्रदेशांपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक प्रखर असतात.

शस्त्रक्रियेवाचून, केवळ प्रकाशाने त्वचा घट्ट करून देऊ, अशा जाहिराती आता जागोजाग दिसतात. घरात लग्नकार्य निघाले, मेंदीचा दिवस ठरला, की आपल्या भगिनींचे लक्ष तिकडे जाणे स्वाभाविक आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. मात्र हा प्रकाश आपल्या गव्हाळ व सावळ्या वर्णावर कसे कार्य करतो, हे आधी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

१९८३ साली अमेरिकेत रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी दाखवून दिले की, प्रकाशाची तरंगलांबी व झोताचा काळ नेमका निवडल्यास त्वचेतील हवा तोच घटक तापविता येतो. पुढे इस्राएलमध्ये शिमॉन एकहाउस यांनी आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशझोतांचे यंत्र विकसित केले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

तथापि प्रत्येक यंत्राचे काम निराळे. आयपीएल मुख्यत्वे तपकिरी डाग व लाल रक्तवाहिन्या यांवर चालते. सैलपणावर त्याचा परिणाम थोडाच. अवरक्त प्रकाश त्वचेच्या आतील थरातले पाणी तापवितो. त्यामुळे कोलॅजेन आकसते व पुढील काही महिन्यांत नवे तयार होते. काही लेसर अतिसूक्ष्म ठिपक्यांतून हेच साधतात. लाल दिव्यांचा एलईडी उपचार सौम्य, आणि त्याचा गुणही सौम्यच. सैलपणा थोडा असेल तर काहीसा फरक दिसतो. लोंबणारी जादा कातडी प्रकाशाने नाहीशी होत नाही.

खरा धोका वर्णाचा आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन प्रकाश शोषून घेते. गोऱ्या त्वचेसाठी ठरविलेली मात्रा सावळ्या त्वचेवर वापरली, तर ती भाजते आणि काळे किंवा पांढरे डाग महिनोन् महिने राहतात. मानेची त्वचा तर चेहऱ्यापेक्षा सावकाश भरून येते व तेथे व्रण राहण्याचा संभव अधिक. आयपीएलपेक्षा १०६४ नॅनोमीटरचा लेसर आपल्या वर्णास अधिक सुरक्षित मानला जातो. पण तोही जाणत्या हातीच.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्र कोणते? चालविणाऱ्याचे शिक्षण काय? आमच्यासारख्या वर्णावर त्यांनी हे काम केले आहे काय? आधी कानामागे लहानशा जागेवर चाचणी करून काही आठवडे थांबतील काय? ऑकलंड नगरपरिषदेने २०१३ च्या उपविधीत अशा उपचारांसाठी नियम घातले. परंतु सर्व गावी तेच नियम असतील असे गृहीत धरू नये. आरोग्यसेवा घेणाऱ्यास धोके, पर्याय व खर्च यांची माहिती मिळण्याचा हक्क १९९६ च्या संहितेने येथे दिलेला आहे. इंग्रजीचा संकोच वाटणाऱ्या मातोश्रींसोबत मुलासुनेने जावे.

आणखी एक गोष्ट. मेलॅनोमा ह्या त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण ज्या देशांत सर्वाधिक आहे, त्यांत न्यूझीलंडची गणना होते. बदलणाऱ्या तिळावर वा डागावर, डॉक्टरांना दाखविल्यावाचून, प्रकाश मुळीच टाकू देऊ नये. वरचा रंग फिका पडला तरी आतील रोग वाढत राहू शकतो.

लग्नाच्या तोंडावर तर हे उपचार करूच नयेत. रुंद काठाची टोपी, मानेपर्यंत लावलेले सनस्क्रीन व दुपारची सावली यांस खर्च अल्प आहे, आणि आहे ती त्वचा जपण्यास त्यांइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही.