ज्येष्ठ गायकाचा एकल अल्बम : स्टीव्ह पेरी यांच्या 'ट्रेसेस'च्या निमित्ताने

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात जे अनेक प्रवाह निर्माण झाले, त्यांपैकी 'मेलोडिक हार्ड रॉक' हा एक महत्त्वाचा प्रवाह होय. या प्रवाहातील अनेक गायक आज सत्तरीच्या घरात आहेत किंवा ती ओलांडून पुढे गेले आहेत. तरुणपणी उंच पट्टीतील गायनामुळे नावारूपास आलेल्या गायकाने उतारवयात नवे गाणे कसे गावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ रंजनाचा राहत नाही. तो कला, शरीर आणि काळ यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न ठरतो. 'जर्नी' या अमेरिकन बँडचे माजी गायक स्टीव्ह पेरी यांचा 5 ऑक्टोबर 2018 रोजी प्रकाशित झालेला 'ट्रेसेस' हा एकल अल्बम या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात या अल्बमची पार्श्वभूमी, त्यातील गायनाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

मेलोडिक हार्ड रॉक : स्वरूप

हार्ड रॉक म्हणजे विद्युत गिटारचा भारदस्त नाद, ठसठशीत ड्रम आणि जोरकस गायन यांवर उभे असलेले संगीत. त्यात सहज लक्षात राहणारी चाल, अनेक आवाजांचे सुसंवादी गायन आणि की-बोर्डचे भरीव स्वर मिसळले की मेलोडिक हार्ड रॉक आकारास येतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेत एफ. एम. रेडिओचा प्रसार झाला. सुटी गाजलेली गाणी न वाजवता अल्बममधील निवडक गाणी ऐकविण्याची पद्धत तेथे रूढ झाली आणि या शैलीस मोठा श्रोतृवर्ग लाभला. या शैलीत गायकाचे स्थान मध्यवर्ती असते. गिटारच्या कल्लोळातून वर उठून शब्द स्पष्टपणे पोहोचविणारा, तार सप्तकात सहज फिरणारा पुरुषी आवाज ही या शैलीची ओळखच बनली. मात्र ही ओळख तरुण शरीराच्या सामर्थ्यावर अवलंबून असते, ही तिची मूलभूत मर्यादाही आहे.

पेरी आणि 'जर्नी'

स्टीव्ह पेरी यांचा जन्म 22 जानेवारी 1949 रोजी कॅलिफोर्नियातील हॅनफर्ड येथे पोर्तुगीज वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांच्या गायकीवर सॅम कुक या कृष्णवर्णीय सोल गायकाचा खोल प्रभाव आहे. शब्द ओढून सोडण्याची लकब, स्वरांना दिलेली हलकी वळणे आणि आर्जवी भाव ही वैशिष्ट्ये त्या प्रभावाचीच साक्ष देतात. 'जर्नी' हा बँड 1973 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झाला. आरंभी त्याचा भर दीर्घ वाद्यवादनावर होता. पेरी 1977 मध्ये दाखल झाले आणि 'इन्फिनिटी' (1978) या अल्बमपासून बँडचे स्वरूप पालटले. 'एस्केप' (1981) हा अल्बम अमेरिकेतील विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचला. 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' हे त्यातीलच गाणे. 'द सोप्रानोज' या दूरचित्रवाणी मालिकेच्या 10 जून 2007 रोजी प्रसारित झालेल्या अंतिम भागातील शेवटच्या प्रसंगात ते वाजले आणि नव्या पिढीपर्यंत पोहोचले.

पेरी आणि 'जर्नी' यांचा सहवास अखंड राहिला नाही. 1987 मध्ये ते बँडपासून दूर झाले. 'ट्रायल बाय फायर' (1996) या अल्बमसाठी सर्व जण पुन्हा एकत्र आले; परंतु त्यानंतर पेरी यांना कमरेच्या सांध्याचा गंभीर विकार जडला. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यांना स्वतःच्या सवडीने घ्यावयाचा होता, तर बँडला दौरा हवा होता. 1998 मध्ये 'जर्नी'ने दुसरा गायक घेतला. शरीर आणि व्यवसाय यांतील संघर्षात येथे शरीराची बाजू मागे पडली, असे म्हणता येईल.

तीन एकल अल्बम

एकल अल्बम म्हणजे बँडमधील कलावंताने केवळ स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केलेला अल्बम, एवढी व्याख्या पुरेशी नाही. बँडशी असलेल्या नात्यानुसार त्याचा अर्थ बदलतो. पेरी यांचे तीन एकल अल्बम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. 'स्ट्रीट टॉक' (1984) प्रसिद्ध झाला तेव्हा ते बँडमध्येच होते. त्यात सोल आणि पॉप संगीताकडे असलेला त्यांचा मूळ ओढा मोकळेपणाने प्रकट झाला. त्यातील 'ओ शेरी' हे गाणे अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. 'फॉर द लव्ह ऑफ स्ट्रेंज मेडिसिन' (1994) हा अल्बम बँड नसताना आला. त्या वेळी ग्रंज संगीताचा बोलबाला होता आणि पेरी यांची शैली जुनी समजली जात होती. 'ट्रेसेस' त्यानंतर तब्बल 24 वर्षांनी आला. तोवर पेरी 69 वर्षांचे झाले होते. पहिला अल्बम बँडच्या बरोबरीने, दुसरा बँडच्या अभावी आणि तिसरा बँडच्या स्मृतीच्या छायेत उभा आहे.

या दीर्घ मौनाची सांगता दुःखातून झाली. स्तनाच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ महिलेशी पेरी यांचा स्नेह जुळला. डिसेंबर 2012 मध्ये तिचे निधन झाले. आपल्या पश्चात पुन्हा एकांतात न जाण्याचे वचन तिने त्यांच्याकडून घेतले होते. 2014 मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे 'ईल्स' या बँडच्या कार्यक्रमात पेरी अनेक वर्षांनी रंगमंचावर गायले. 'ट्रेसेस' या शब्दाचा अर्थ खुणा, मागे उरलेले ठसे असा होतो. अल्बमचे हे शीर्षक या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते.

आवाजाचे वय

वाढत्या वयात स्वरतंतू पातळ होतात, त्यांची लवचीकता कमी होते, स्वरयंत्रातील कूर्चा कठीण होत जाते आणि श्वास धरण्याची क्षमताही घटते. परिणामी उंच स्वर दीर्घकाळ टिकविणे कठीण जाते आणि आवाजात किंचित खरखर व श्वासाचा अंश मिसळतो. तार सप्तकावर कीर्ती उभी असलेल्या गायकापुढे अशा वेळी मुख्यतः तीन मार्ग असतात : जुनी गाणी खालच्या पट्टीत गाणे, तंत्रज्ञानाच्या साहाय्याने जुन्या आवाजाचा आभास निर्माण करणे, किंवा बदललेल्या आवाजाला साजेशी नवी गाणी रचणे.

पेरी यांनी तिसरा मार्ग स्वीकारला. थॉम फ्लॉवर्स यांच्या सहकार्याने त्यांनी अल्बमची निर्मिती केली. मूळ अल्बममध्ये दहा गाणी आहेत. 'नो इरेसिन' या पहिल्या गाण्यात जुन्या प्रेमाची भेट हा विषय असून त्यात 'जर्नी'च्या ढंगाची आठवण देणारा भव्य नाद आहे. त्यानंतर मात्र अल्बमची गती मंदावते. रॅंडी गुडरम यांच्यासह लिहिलेले 'मोस्ट ऑफ ऑल' आणि पियानोच्या आधाराने उलगडणारे 'इन द रेन' या गाण्यांत पेरी यांचा आवाज मध्य सप्तकात स्थिरावतो. पूर्वी जेथे स्वर चढवून परिणाम साधला जात असे, तेथे आता शब्दाच्या शेवटी सोडलेला श्वास आणि दोन ओळींमधील थांबा परिणाम साधतो. आवाजातील खरखर झाकण्याचा आटापिटा जाणवत नाही. 'सन शाइन्स ग्रे' या जॉन फाइव्ह यांच्या सहभागाने रचलेल्या गाण्यात गिटारचा जोर पुन्हा येतो. जॉर्ज हॅरिसन यांनी 'बीटल्स'साठी रचलेले 'आय नीड यू' हे 1965 मधील गाणे पेरी यांनी सोलच्या अंगाने गायिले आहे. जुन्या गाण्याला आपल्या वयाचा अर्थ कसा देता येतो, याचे ते उत्तम उदाहरण होय.

एक आवाज, दोन गळे

'ट्रेसेस'चे महत्त्व एका विलक्षण वस्तुस्थितीमुळे अधिक ठळक होते. 2007 मध्ये 'जर्नी'ने आर्नेल पिनेडा या फिलिपिनो गायकास निवडले. त्याच्या गायनाच्या चित्रफिती यूट्यूबवर पाहून ही निवड झाली होती. मूळ ध्वनिमुद्रणांशी मिळतीजुळती गायकी हे त्यांचे सामर्थ्य होते. 7 एप्रिल 2017 रोजी 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये 'जर्नी'चा समावेश झाला. त्या समारंभास पेरी उपस्थित राहिले, त्यांनी सहकाऱ्यांचे आणि पिनेडा यांचेही आभार मानले. गाणी मात्र पिनेडा यांनीच गायिली. म्हणजे पेरी यांचा तरुण आवाज एका अर्थी दुसऱ्याच्या गळ्यात नांदत राहिला आणि स्वतः पेरी यांच्या गळ्यात वेगळाच आवाज रुजला. श्रोत्याला हवा असतो तो गायक की त्याचा एका विशिष्ट काळातील आवाज, असा प्रश्न येथे उभा राहतो. स्मरणरंजनावर चालणाऱ्या संगीतव्यवसायाचे उत्तर बहुधा दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. 'ट्रेसेस' पहिल्या पर्यायाची बाजू मांडतो.

मर्यादा

या अल्बमचे मूल्यमापन करताना त्याच्या उणिवांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. संथ गाण्यांचे प्रमाण अधिक असल्याने उत्तरार्धात एकसुरीपणा जाणवतो. हार्ड रॉकच्या अपेक्षेने आलेल्या श्रोत्यास गिटारचे स्थान दुय्यम वाटते. तसेच या अल्बमसाठी पेरी यांनी दौरा केला नाही. त्यामुळे स्टुडिओत निवडून घेतलेला हा आवाज रंगमंचाच्या कसोटीस उतरला नाही. तरीही अल्बम अमेरिकेच्या 'बिलबोर्ड 200' यादीत सहाव्या क्रमांकावर आला. पेरी यांच्या कोणत्याही एकल अल्बमला याआधी इतके वरचे स्थान मिळाले नव्हते. 2020 मध्ये याच गाण्यांच्या साध्या वाद्यमेळातील आवृत्त्या त्यांनी प्रसिद्ध केल्या. त्यांत वाद्यांचा भार कमी झाल्याने आवाजाचे वय अधिकच स्पष्ट ऐकू येते, आणि ते लपविण्याची गायकास गरज वाटलेली नाही, हेही दिसून येते.

समारोप

कलावंताच्या उत्तरकाळातील निर्मितीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी संभवतात. पूर्वीच्या शिखराशी तुलना करून ऱ्हास मोजणे ही पहिली. बदललेल्या साधनांतून कोणता नवा अर्थ निर्माण झाला, हे पाहणे ही दुसरी. पहिल्या दृष्टीने 'ट्रेसेस' उणा ठरेल, कारण 1981 मधील स्वर त्यात नाहीत. दुसऱ्या दृष्टीने पाहता, विरहाचे गाणे तीस वर्षांच्या गळ्यातून कल्पनेच्या आधारे येते आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरील गळ्यातून अनुभवाच्या आधारे, हा फरक तो प्रत्यक्ष ऐकवतो. आवाजाची उंची कमी झाली म्हणून गायन थांबविणे हाच एकमेव सन्मान्य मार्ग नाही. उरलेल्या स्वरांचा प्रामाणिक हिशेब मांडूनही गाता येते, हे पेरी यांच्या या अल्बमचे खरे योगदान मानावे लागेल.