बाळाच्या पोटावरची पिशवी : घरच्यांना शिकवायचं कसं?

साधारण ५००० बाळांमागे एक बाळ गुदद्वार नीट तयार न होताच जन्माला येतं. अशा बऱ्याच बाळांचं पहिल्या काही दिवसांतच ऑपरेशन करून मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढावं लागतं. ही कोलोस्टॉमी, आणि ते तोंड म्हणजे स्टोमा. पुढे गुदद्वार तयार करणं, मग स्टोमा बंद करणं, यात काही महिने जातात. ते महिने बाळ घरी असतं. मग सांभाळणार कोण? आई, आजी, बाबा.

आपल्याकडे होतं काय, की घरी सोडायच्या दिवशी, बिलाच्या गडबडीत, आईला दहा मिनिटांत सगळं सांगितलं जातं. ती मान डोलावते. पण मान डोलावली म्हणजे हाताला आलं असं नाही. शिकवणं पहिली पिशवी बदलतानाच सुरू व्हायला हवं. एकदा तिनं बघायचं, एकदा मदत करायची, आणि मग तिनं करायचं, आपण नुसतं उभं राहायचं. (हे उभं राहणं आपल्याला फार जड जातं!) आणि घरातलं दुसरं कुणीतरी सोबत शिकलंच पाहिजे. आई तापानं पडली तर काय?

पहिली अडचण भीतीची. ते लाल, ओलं तोंड बघून हातच पुढे होत नाही. तेव्हा सांगा, बाबांनो, ओठाच्या आतल्या भागासारखा तो रंग असायलाच हवा. स्टोम्याला हात लावला तरी बाळाला दुखत नाही. पुसताना रक्ताचा ठिपका आला तरी घाबरू नका. दुखते ती भोवतालची कातडी, शी लागून सोलवटलेली.

आता तेल. आजी रोज मालिश करणार, आणि करावीच. पण पोटावर तेल लागलं की पिशवी चिकटत नाही. झिंकच्या मलमाचंही तेच. साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा. पिशवीचं भोक स्टोम्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. पहिले काही आठवडे स्टोमा आक्रसतो, म्हणून माप पुन्हा घ्या. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा; जड झाली की सुटते.

पिशव्यांचा खर्च झेपत नसेल, तर कोलोस्टॉमीला मलम लावून मऊ सुती कापड किंवा लंगोट चालतो. हे सांगताना आवाजात कमीपणा नको. लहान आतड्याचा स्टोमा असेल, तर मात्र पिशवीच हवी. तिथली पातळ शी पाचक रसांमुळे कातडी जाळते.

शेवटी तुम्ही विचारा, त्यांना बोलू द्या : स्टोमा काळा-निळा पडला तर? पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय, शी थांबलीय, तर? पाण्यासारखी शी, लघवी कमी, टाळू खोल गेली, तर? तिन्ही वेळा एकच उत्तर यायला हवं : सकाळची वाट न बघता दवाखाना.