ज्युपिटर-८ : रुपेरी घ्यावे की काळे?

जुन्या सोव्हिएत भिंगांची चौकशी करणारे हौशी छायाचित्रकार आजही भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात 'ज्युपिटर-८' हे नाव हमखास निघते. ५० मिलिमीटरचे, एफ २ इतके उघडणारे हे भिंग. पण एकाच नावाची अनेक रूपे बाजारात असल्याने घेणारा गोंधळतो.

या भिंगाचे घराणे जर्मन. लुडविग बेर्टेले यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस झाइस कंपनीसाठी 'झोनार' हे भिंग आखले. त्यात काचा सहा, पण गट तीनच. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. काचेवर लेप देण्याचे तंत्र रुळण्यापूर्वी अशा सीमा कमी असणे ही मोठीच सोय होती. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची यंत्रसामग्री युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली. तेथे कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचा 'कीव्ह' झाला आणि झोनारचा ज्युपिटर.

निवड करताना पहिला प्रश्न रंगाचा नसून बैठकीचा. फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांसाठीचे ज्युपिटर ३९ मिलिमीटरच्या आट्यांचे असते. कीव्हसाठीचे फिरवून अडकवायचे. त्यात फोकसची फिरकी नसते, कारण ती कॅमेऱ्यातच असते. म्हणून ते दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावायचे तर फिरकी असलेला खास जोड घ्यावा लागतो. स्वस्त मिळाले म्हणून घेणाऱ्यांनी हा खर्च आधी धरावा.

आता रंग. जुनी भिंगे रुपेरी, नंतरची काळी. काचांची मूळ आखणी तीच. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे वर्ष सांगतात. ५८ असेल तर १९५८. पण वर्षापेक्षा महत्त्वाचे म्हणजे मधल्या काळात ते कोणी आणि कसे उघडले हे. आतल्या पातळ चकत्या इकडच्या तिकडे झाल्या की फोकस बिघडतो.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस जुळला असे मानायचे. शिवाय सोव्हिएत भिंग आणि लायका यांचे हे गणित तंतोतंत जुळत नाही. एफ २ वर, एक मीटर अंतरावरून स्पष्टतेची खोली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर असते. थोडी चूक झाली तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात, आणि ते रोल धुतल्यावरच कळते. आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर मात्र प्रतिमा भिंगातूनच दिसते, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही.

घेण्यापूर्वी विजेरीचा प्रकाश आरपार टाकून धुरकटपणा आणि ओरखडे पाहावेत. फिरकी सुकलेल्या ग्रीसने अडते का, छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का, हेही पाहावे. शक्य असल्यास वर्तमानपत्र तिरपे ठेवून, मधल्या एका ओळीवर नेम धरून, पूर्ण उघड्या छिद्राने एक मीटरवरून फोटो काढावा. नेमकी तीच ओळ ठळक आली पाहिजे.

सारांश, आधी आपला कॅमेरा पाहावा, मग भिंगाची प्रकृती, आणि रंग शेवटी. धुरकट रुपेरी भिंगापेक्षा स्वच्छ काळे भिंग केव्हाही बरे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)