गुप्तरोग : व्रण भरला म्हणजे रोग गेला नव्हे

लालबाग-परळ भागात दवाखाना चालविणाऱ्या वैद्यबंधूंना हा अनुभव नवा नाही. रात्री शेवटचा रुग्ण गेल्यावर एखादा तरुण आत येतो, आजूबाजूस कोणी नाही याची खात्री करून घेतो आणि ‘उष्णतेने फोड आला आहे’ असे हळूच सांगतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रुग्णास मी त्रिफळा क्वाथाने व्रणप्रक्षालन व लेप सुचविला. व्रणास वेदना नव्हती. महिन्याभरात तो भरला. रुग्ण समाधानी झाला आणि मीही. पुढे त्याच्या पत्नीची गर्भावस्थेत रक्ततपासणी झाली, तेव्हा तिला फिरंगाची बाधा असल्याचे आढळले. यश माझ्या लेपाचे नव्हतेच. तो व्रण औषधाविनाही भरला असता.

वस्तुतः आपल्या ग्रंथांनी याची सूचना पूर्वीच दिली आहे. सुश्रुताने निदानस्थानात उपदंशाचे वर्णन केले. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने फिरंग हा स्वतंत्र, संसर्गजन्य व आगंतुज व्याधी मानला आणि त्याचे बाह्य, आभ्यंतर व बहिरंतर्भव असे तीन प्रकार सांगितले. बाह्य प्रकारात वेदना अल्प. आभ्यंतर प्रकारात आमवातासारखी संधिव्यथा. नासाभंग, अस्थिशोष हे उपद्रवही त्याने नोंदविले. त्वचेवर दिसतो तेवढाच हा रोग नव्हे, हे त्यास ठाऊक होते.

आधुनिक शास्त्र हेच सांगते. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी वेदनारहित व्रण उमटतो व तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. नंतर तळहात-तळपायांवर पुरळ येते, तेही मावळते. रोग मात्र शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो, हृदय व मेंदूस ग्रासू शकतो. गर्भवतीच्या बाबतीत गर्भपात वा मृतजन्म घडवू शकतो. परम्याची गतही निराळी नाही. पुष्कळ स्त्रियांमध्ये त्याचे लक्षणच दिसत नाही आणि वंध्यत्व आल्यावर शोध सुरू होतो.

म्हणून अशा रुग्णाबाबत काही पथ्ये आपणच पाळावयास हवीत. रसकर्पूर व चोपचिनी हे भावमिश्राच्या काळचे उपाय होते; आज पेनिसिलिनसारखे खात्रीचे औषध असता त्यांवर विसंबणे हा रुग्णद्रोह ठरेल. संशय येताच फिरंग व एचआयव्ही या दोन्हींच्या रक्ततपासणीसाठी रुग्णास केईएम, नायर यांसारख्या रुग्णालयांत पाठवावे. आरंभीच्या दिवसांत अहवाल निर्दोष येऊ शकतो, म्हणून तपासणी पुन्हा करवावी. जोडीदाराची चिकित्सा झाल्यावाचून चिकित्सा पूर्ण होत नाही, हे स्पष्ट सांगावे. दोघांची चिकित्सा पूर्ण होईपर्यंत संबंध वर्ज्य. एरवी निरोधचा नियमित वापर. श्वेतप्रदराची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीलाही एकांतात, आदराने प्रश्न विचारावेत. गुप्तता तर आपला धर्मच. शिवाय २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने संमतीवाचून तपासणी करण्यास वा माहिती उघड करण्यास प्रतिबंध केला आहे.

औषधी दुकानदार बंधूंसही एक विनंती. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार गुप्तरोग बरे करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, आणि वेष्टनावरील मजकूरही जाहिरातच गणला जातो. गिऱ्हाइकाने दबक्या आवाजात ‘गरमीवर काही द्या’ म्हटल्यास बाटली देण्यापेक्षा तपासणी केंद्राचा पत्ता द्यावा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक दुकानात दर्शनी जागी लावावा.

याच मुंबईत, गिरगाव चौपाटीवरील विल्सन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले, ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी त्यांना नोकरीस मुकावे लागले, न्यायालयाची पायरी चढावी लागली. ते वैद्य नव्हते. आपल्याकडे तर रुग्ण स्वतः होऊन येतो आणि दार लोटून घेतो. त्या वेळी त्यास केवळ लेप देऊन वाटेस लावणे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.