सांगणारा आणि ऐकणारा

लोणारचे सरोवर कसे आहे, असे सातवीच्या वर्गात विचारून पाहा. 'गोल आहे', 'मोठे आहे' अशी तुटक उत्तरे येतील. बुलढाणा जिल्ह्यातील मुलांनी तर ते प्रत्यक्ष पाहिलेलेही असते. मग पाहिलेले सांगता का येत नाही? वाचन-लेखन आपण शिकवतो. बोलणे-ऐकणे मात्र आपोआप येते असे धरून चालतो.

एक साधा प्रयोग करता येईल. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हाती लोणारच्या विवराची आकृती द्या: सुमारे १.८ किलोमीटर व्यास, सुमारे १५० मीटर खोली, उंचावलेला काठ, तळाशी पाणी. त्याने ती शब्दांत सांगायची, दुसऱ्याने ऐकून काढायची. पहिल्या फेरीत ऐकणाऱ्याने प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत, नव्या आकृतीसाठी, विचारायचे. मग चित्रे शेजारी ठेवा. अमेरिकेत लेव्हिट आणि म्युलर यांनी १९५१ साली भौमितिक आकृत्या घेऊन असाच प्रयोग केला होता. प्रश्न विचारण्याची मुभा मिळताच वेळ जास्त लागला, पण अचूकता वाढली. म्हणजे ऐकणे हे गप्प बसणे नव्हे. नेमका प्रश्न विचारणे हा ऐकण्याचाच भाग आहे.

मागच्या बाकाचीही अडचण समजून घ्यावी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. वर्गात भिंतींवरून ध्वनी परत येतो, म्हणून घट इतकी नसते. पण परतलेले ध्वनी शब्द पुसट करतात. त्यातही स्वर ठळक असतात, तर स, फ, थ यांसारखी व्यंजने क्षीण. 'खारे पाणी' आणि 'सारे पाणी' यांतला फरक पत्र्यावर पाऊस वाजत असताना सहज हरवतो. अशा मुलाला आपण 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरी वऱ्हाडी बोलणारे मूल उठून विचारते, 'पाणी खारं काऊन हाय?' आपण म्हणतो, 'काऊन नाही, का म्हण.' मूल खाली बसते आणि प्रश्नही त्याच्याबरोबर बसतो. वास्तविक 'काऊन' हा विज्ञानातला पहिला शब्द आहे! आधी प्रश्नाचे उत्तर शोधावे. प्रमाण भाषेतले रूप नंतर, सर्वांनी मिळून फळ्यावर लिहावे.

बोलणाऱ्यालाही एक शिस्त हवी. प्रत्येक विधानापुढे त्याने सांगावे: हे मी पाहिले, हे ऐकले, की हे माझे अनुमान? लवणासुराची कथा ऐकलेली. बेसाल्टच्या खडकातील खड्डा पाहिलेला. तो ज्वालामुखीचा असावा, हे एके काळी अभ्यासकांचेही अनुमान. प्रचंड आघातानेच घडणाऱ्या बदलांच्या खुणा तिथल्या खडकांत सापडल्या आणि १९७३ च्या सुमारास उल्केच्या आघाताचे मत पक्के झाले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाही तर्कांना तोटा नव्हता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव त्यात आढळले.

आठवड्यातून एक तास असा ठेवून पाहावा. साहित्य म्हणून कागद, पेन्सिल आणि शिक्षकाचे थोडे मौन एवढे पुरते.